घंटा मीच वाजवायची, मरायचंही मीच

मी मेलो होतो. म्हणून डोळे मिटून पडलो होतो. कान मात्र उघडे होते. मेलेल्याला कान मिटता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळेच्या माडीवरचा मोठा वर्ग. लाकडी फळ्यांची जमीन. मी उताणा, जीभ अर्धी बाहेर, एक हात छातीवर, दुसरा लांब टाकलेला. भोवती सातवीची पोरं. आग लागलीय, धूर झालाय, एक माणूस बेशुद्ध पडलाय, त्याला चौघांनी उचलून खाली न्यायचं, अशी ती कवायत. बेशुद्ध मी. उचलणारे चौघे माझ्या चार बाजूंना उभे. आणि कुणी वाकेना.

मी पापणीच्या फटीतून बघितलं. मधू नावाचा एक उंच पोरगा होता, केळीच्या बागायतदाराचा. तो वाकला. त्यानं माझ्या घोट्याला हात लावला. गरम, घामेजलेला हात. शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "घरी जाऊन आंघोळ करशील का मग?" हात गेला.

कवायत मास्तर मागं उभे होते. घाईत होते. म्हणाले, "हात लावू नका रे. गोणपाट आणा. दोर बांधा आणि ओढा."

गोणपाट आलं. दोर आला. मी त्या गोणपाटावर सरकलो. मेलेलाच सरकलो. पण गोणपाट ओढलं तर माणूस मागं राहणार, गोणपाट पुढं जाणार. पाय आणि गोणपाटाची टोकं एकत्र बांधायला हवीत. आणि पाय बांधायचे तर पायाला हात लागणार. सगळे विचारात पडले. मग मास्तरांचा चेहरा उजळला.

"ऊठ रे. गाठ तूच मार. तुमच्या घरचंच काम ना ते?"

मी उठलो. स्वतःच्या पायांना दोर गुंडाळला, गोणपाटाची दोन टोकं त्यात घेतली, गाठ मारली आणि परत मेलो. पोरं खदखदून हसली. मीही हसलो. हे लिहायला जड जातं, पण हसलो. लोक हसले की मला बरं वाटायचं. तीच माझी खोड.

आता ही कवायत कुठून आली ते सांगतो.

आमच्या गावात, जळगाव-धुळ्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका बाजारगावात, शाळेला लागून कापसाची जिन होती, सरकी काढायचा कारखाना. हंगामात सरकीपासून सुटलेला कापूस हवेत उडायचा आणि आमच्या वर्गांत येऊन बसायचा. फळ्यावर, टोप्यांवर, हेडमास्तरांच्या मिशीवर. आदल्या चैत्रात जिनेला आग लागली. दोन दिवस गठाणी धुमसत होत्या. शाळा वाचली ती वाऱ्याच्या कृपेनं. माडीवर जायला एकच लाकडी जिना, चौदा पायऱ्यांचा. वारा फिरला असता तर वरची पोरं वरच राहिली असती. मग वरून कागद आला की शाळेनं आगीची कवायत बसवावी, तपासणीसाहेब येऊन बघतील.

देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली होती. मी शाळेत शिपाई होतो. सातवी पास. कायम नव्हतो. हंगामी म्हणून दीड वर्ष काढलं होतं आणि कायम करण्याचा कागद हेडमास्तरांच्या सहीवर अडला होता. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातला पहिला सरकारी चाकरीचा माणूस मी. माझी पोरगी वच्छी त्याच शाळेत चौथीत. सकाळी आम्ही दोघं एकत्र निघायचो. मी खाकी टोपी घालायचो. ती माझ्या दोन पावलं पुढं चालायची, जणू मला तीच शाळेत नेतेय.

माझं काम घंटा. झाडलोट. वह्यांचे गठ्ठे. पाण्याच्या रांजणाला माझा हात चालत नव्हता. तसं तोंडानं कुणी म्हणत नसे, कायदा झाला होता. हेडमास्तर खादी घालायचे आणि पंधरा ऑगस्टला आपण सारे एक असं सुंदर बोलायचे. फक्त आगीसाठी लाल बादल्या आल्या, तेव्हा वाळूच्या चार मी भरल्या आणि पाण्याच्या चार दुसऱ्या शिपायानं. कुणी काही सांगितलं नाही. त्यालाही माहीत होतं, मलाही.

बेशुद्ध कोण होणार, यावर मास्तरांच्या खोलीत बराच वेळ खल झाला. एकाही घरचे आईबाप तयार नव्हते. मेल्यासारखं पडायचं, चौघांनी उचलायचं, दोन बांबूंवर निजवून न्यायचं. ही तर तिरडी झाली. पोराला जिवंतपणी तिरडीवर कोण घालणार? एक बाई शाळेच्या दारात येऊन मास्तरांच्या नावानं बोटं मोडून गेली. मग हेडमास्तरांची नजर फिरत फिरत दाराशी आली. दाराशी मी.

मी एका पायावर तयार. खोटं कशाला बोलू? आमच्या वाड्याच्या जलशात मी पाटील व्हायचो. पाटील शेवटी मरतो. जेवता जेवता ठसका लागून मी असा मरायचो की पुढं बसलेल्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. आता तर माडीची रंगभूमी, वर-खाली मिळून सगळी शाळा बघणार, शिवाय साहेब. एक अडचण होती. आग लागली की घंटा सारखी वाजवत राहायची. ती कोण वाजवणार? मीच. म्हणजे आधी अंगणात उभं राहून ठणाठणा घंटा पिटायची, मग घंटा टाकून, खाली उतरणाऱ्या पोरांच्या उलट दिशेनं, भिंतीला अंग चिकटवून चौदा पायऱ्या चढायच्या आणि वर जाऊन धापा टाकत मरायचं. पहिल्या दिवशी माझी छाती इतकी वरखाली होत होती की मास्तर म्हणाले, मेलेला इतका श्वास घेत नाही.

असं ते सुरू झालं. बांबू बाजूला पडले आणि दोर आला.

चौदा पायऱ्या मी पाठीनं मोजल्या आहेत. पुढं दोर धरून चार पोरं, मागं मी. पाय पुढं, डोकं मागं. पहिल्या पायरीला डोकं आपटतं, दुसरीला दात एकमेकांवर बसतात, तिसरीपासून मान उचलून धरायची युक्ती कळते. मधल्या वळणावर मी भिंतीला घासलो. खाली अंगणात वर्गवार रांगा उभ्या होत्या. मी मातीत आलो तशी पोरं हसायला लागली. मी एक डोळा उघडला, बंद केला, जीभ आणखी लांब काढली. हशा वाढला. चौथीच्या रांगेत वच्छी होती. तीही हसत होती. तिला वाटलं, तिचा बाप नाटक करतोय. मलाही तेच वाटत होतं.

संध्याकाळी घरी पाय धूत होतो. घोट्यांवर दोराचा वळ लाल उठला होता. माझा म्हातारा बाप ओट्यावर बसलेला. त्यानं वळ बघितला. बराच वेळ बघितला. वळ कशाचा हे त्याला विचारावं लागणार नव्हतं. आयुष्यभर त्यानं गावाची मेलेली ढोरं ओढली होती. मागचे दोन्ही पाय एकत्र, दोराचे तीन वेढे, मधून एक आडवा आणि गाठ. ओढावं तशी घट्ट होत जाते. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा त्यानंच मला शिकवली. आणि आदल्या दसऱ्यानंतर आमच्या सगळ्या वाड्यानं ते काम सोडलं होतं. गावानं दळण बंद केलं, शेतातली कामं बंद केली, तरी सोडलं. ढोर तीन दिवस गावकुसाबाहेर सडलं, वास सुटला, तरी आमच्यातला एकही उठला नाही. म्हाताऱ्यानं दोर उचलला आणि चुलीत घातला. स्वतःच्या हातानं.

त्यानं विचारलं, "गाठ कोनी मारी?"

मी म्हणालो, "मीच."

तो एवढंच बोलला. "ढोर बी आपला पाय आपन बांधस नही."

आणि आत गेला. त्या दिवशी तो माझ्या पंगतीला बसला नाही.

मला राग आला. त्याच्यावरच आला. त्याला काय कळतं, चाकरी म्हणजे काय, कायम होणं म्हणजे काय. ढोरं ओढणं सोडता येतं, शाळा कशी सोडणार? वच्छीला कुठल्या शाळेत घालणार? मी स्वतःला पुष्कळ समजावलं. नाटक आहे. आगीपासून पोरं वाचायची आहेत. वच्छीही त्यांतच आहे. हे सगळं खरंच होतं. म्हणूनच तर माणूस अडकतो.

आणखी चार तालमी झाल्या. चारही वेळा गाठ मी मारली. हात आपोआप चालायचे. मास्तर खूश होते. घड्याळ लावून म्हणायचे, झकास, आता कुठं शाळा शाळेसारखी दिसतेय. हेडमास्तर एकदा माझ्याजवळ थांबून म्हणाले की साहेबांची भेट पार पडली की तुझा कागद मी पाठवतो. त्या रात्री मी स्वप्नात सुद्धा खाकी टोपीत होतो.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मी शाळेमागं केरसुणी घेऊन गेलो. लिंबाखाली पोरापोरींचा गलका. वाटलं, साप निघाला. पुढं झालो. जमिनीवर एक पोतं. पोत्यावर वच्छी. उताणी. एक हात छातीवर, दुसरा लांब टाकलेला. जीभ अर्धी बाहेर. हुबेहूब मी. तिचे दोन्ही पाय एकत्र बांधलेले, त्या दोराचं टोक वरच्या आळीच्या तीन पोरांच्या हातात, आणि ती पोरं तिला ओढत लिंबाभोवती फिरवत होती. पोरी टाळ्या पिटत होत्या. पोरीचा परकर मातीनं भरलेला.

मी ओरडलो तशी सगळी पळाली. मी गुडघ्यावर बसलो. गाठ बघितली. तीन वेढे, मधून एक आडवा.

"ही कोणी मारली?"

तिनं डोळे उघडले. चेहरा आनंदानं फुललेला. म्हणाली, "मीच. तुले पाहीसन शिकनू." आणि मग, "आबा, मी चांगली मरनू ना?"

मी गाठ सोडायला लागलो. ती ओढीनं घट्ट झाली होती. बोटांनी सुटेना. नऊ वर्षांची पोर माझ्याकडं शाबासकीची वाट बघत होती. मला ती देता आली नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही. दातानं गाठ सोडवली. तोंडात माती आली. ती म्हणाली की मेलेल्याला लागत नाही ना आबा, म्हणून मी ओरडले नाही.

माझ्या बापानं दोर चुलीत घातला. आणि मी गाठ पोरीच्या हातात दिली. कवायतीच्या एका पंधरवड्यात.

रात्री झोप आली नाही, असं काही नाही. आली. सकाळी टोपी घातली, वच्छीचा हात धरला आणि शाळेत गेलो. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. मला वाटतं, माझ्या हातांनी ठरवलं होतं.

साहेब आले. अंगणात खुर्ची, चहा, हार. पांढरी टोपी, खिशात साखळीचं घड्याळ. हेडमास्तर त्यांच्या कानाशी वाकलेले. मला खूण झाली. मी घंटा पिटली. चांगली पिटली, कारण त्यात माझं भांडण नव्हतं. वर्गावर्गांतून पोरं निघाली, रांगेत, धक्काबुक्की नाही, पुस्तकं जागेवर टाकून. खरंच छान बसली होती कवायत. मी घंटा टाकली, भिंतीकडून जिना चढलो, वर जाऊन गोणपाटावर पडलो. जीभ बाहेर काढली नाही. हात दोन्ही अंगाशी.

कवायत मास्तर आणि चार पोरं आली. दोर माझ्या पायांशी पडला. मी हललो नाही.

"गाठ मार," मास्तर म्हणाले.

मी दोराकडं हात नेला नाही.

"अरे, घड्याळ चाललंय. गाठ मार."

मी डोळे मिटूनच बोललो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी मेलोय मास्तर. मेलेला माणूस गाठ मारत नाही. उचलायचं असेल तर हातानं उचला."

मास्तर खाली बसले. माझ्या कानाशी आले. कुजबुजत बोलले, पण शब्द न् शब्द आठवतो. "कागद सहीला आहे तुझा. पोरीचा तरी विचार कर."

तिचाच करत होतो.

खालून शिटी वाजली. मास्तरांनी पोरांना हुकूम केला, उचला. म्हणजे शेवटी म्हणाले ते, हे मी मान्य करतो. पण पोरं जागची हलली नाहीत. त्यांना इतके दिवस जे शिकवलं होतं ते एका शब्दात कसं विसरणार? मधू एक पाऊल पुढं आला. मला त्याची चप्पल दिसली. चप्पल थांबली. मी मनात म्हणालो, लाव हात. बाळा, एकदा लाव. चप्पल मागं गेली.

मग त्यांनी घाईघाईत दोर नुसत्या गोणपाटाला बांधला. पायाला हात न लावता जमेल तसा. आणि ओढलं. मी टाचा फळ्यांवर रोवल्या. गोणपाट माझ्या पाठीखालून सर्रकन निघून गेलं. मी तिथंच. आणि ती चार पोरं, मागं वळून न बघता, रिकामं गोणपाट चौदा पायऱ्यांवरून धडधडा ओढत खाली घेऊन गेली.

एखाद्या जलशात हे दाखवलं असतं तर लोक लोळले असते.

खिडकी उघडी होती. अंगणातलं सगळं ऐकू येत होतं. वर्गनायकांनी गिनती दिली. पाचवी पूर्ण. सहावी पूर्ण. सातवी पूर्ण. साहेबांनी विचारलं, तो बेशुद्ध माणूस कुठं आहे?

हेडमास्तरांचा आवाज आला. गोड, शांत. "शुद्धीवर आला, सर. घरी पाठवला."

साहेब म्हणाले, "उत्तम." आणि घड्याळ मिटल्याचा टक् असा आवाज झाला.

मी वर आढ्याकडं बघत पडलो होतो. तुळईवर कापसाचे पुंजके चिकटले होते. शेजारी जिनेची घरघर. मला एकदम दिसलं, अगदी स्वच्छ. उद्या खरी आग लागली, त्या पुंजक्यांनी पेट घेतला, मी घंटा वाजवून वर आलो आणि धुरात पडलो, तर नेमकं हेच होईल. पोरं खाली जातील. गिनती पूर्ण भरेल. कुणी खोटं बोलतंय असं कुणाला वाटणारही नाही. मी त्या गिनतीत कधी नव्हतोच. वर राहिलो काय, खाली आलो काय.

मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसतं अंग जड झालं.

गंमत एक झाली. कवायत संपली हे सांगायला घंटा लागते. घंटा वाजवणारा वर मेलेला. पोरं उन्हात उभी. साहेब उभे. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी हेडमास्तरांनी स्वतः हातोडा उचलला आणि दोन बेसूर ठोके दिले. दीड वर्षात तेवढा एक क्षण मी मनापासून हसलो, एकटाच, फळ्यांवर उताणा.

मग जिन्यावर पावलं वाजली. हलकी. वच्छी होती. वर्गात न जाता वर आली होती. माझ्या डोक्याशी बसली. माझ्या काखेत दोन्ही हात घातले आणि मला उचलायला लागली. दात आवळून, तोंड लाल करून. मी हललो नाही. खरं तर मला हलताच येत नव्हतं. तिनं तीनदा जोर लावला. मग हात सोडून बसली.

"आबा, तू भलता जड शे."

मी उठलो. तिच्यासमोर पाय पसरून बसलो, घोट्यांवरचा वळ तिला दाखवला आणि सांगितलं की ती गाठ ढोराची आहे. तिच्या आज्यानं ती जाळली होती. मी विसरलो होतो. मी चुकलो. तिनं वळावरून बोट फिरवलं. हसली नाही. त्या दिवसानंतर तिनं तो खेळ कधी खेळला नाही, आणि तसं हसलीही नाही पुन्हा, निदान माझ्यासमोर.

महिनाअखेरीला मला कामावरून काढलं. कामात हयगय, वरिष्ठांसमोर उद्धटपणा. कायमचा कागद आला नाही. टोपी परत घेतली. वच्छीला शाळेतून कुणी काढलं नाही, पण तिला मागं एकटीला बसवलं, आणि दिवाळीनंतर ती गेली नाही. मी गावोगाव काम मागत धुळ्याला आलो. देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडं, भाड्याच्या खोलीत राहतो. म्हातारा येताना वाटेत माझ्याशी बोलला. खूप दिवसांनी. फक्त विचारलं, भाकरी बांधली का.

आता चाळिशी उलटली. लोक मला गोष्टी सांगायला बोलावतात. ही गोष्ट मी मजेची करून सांगतो. घंटा, धापा, रिकामं गोणपाट. लोक हसतात. मी त्यांना हसू देतो. मग त्यांना विचारतो, तुमच्या घराला आग लागली तर मला आत यायला सांगाल, आणि मी आत पडलो तर? हसू थांबतं. मी तिथंच थांबतो.

वच्छीचं पुढं काय झालं, ते मी सांगणार नाही. ती तिची गोष्ट आहे. सांगायची तेव्हा ती सांगेल.

मला ती गाठ अजून येते. तीन वेढे, मधून एक आडवा. हात विसरत नाहीत. पण या हातांनी ती पुन्हा मारायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुठल्या कागदासाठी नाही. कुणाला दाखवायचीही नाही. मी मरेन तेव्हा खरा मरेन. आणि मला उचलतील ते हातांनी उचलतील. तेवढे हात मिळेपर्यंत मी मरायला तयार नाही.